जुन्या यंत्राची मोठी वखार

आमच्या माजघराच्या कोनाड्यांत एक संगणक आहे. १९९९ सालीं तो घेतला तेव्हां त्याचा रंग साईसारखा होता; आतां तो जुन्या हस्तिदंतासारखा पिवळा पडला आहे. सुरू करतांना तो प्रथम घरघरतो, मग कांहीं क्षण स्तब्ध राहतो, आणि आजारी माणसानें कण्हत कूस पालटावी तसा आवाज करून कामास लागतो. घरांतील तरुण मंडळींस त्याची थोडी लाजच वाटते. "काका, हें धूड आतां मोडींत द्या हो," असें आमचा पुतण्या कित्येक वर्षें सांगत आला आहे. आम्ही दर वेळीं हो म्हणतों, आणि दर वेळीं कांहीं तरी निमित्त निघून तें राहून जातें.

खरें निमित्त यंत्राच्या पाठीमागें आहे. पूर्वीं जेथें प्रिंटरची जाड तार लावीत असत त्या खांचेंत आगपेटीएवढें एक कुलूप बसविलेलें आहे. आम्ही साताऱ्यास घरच्या घरीं अक्षरजुळणीचें काम करीत असूं. लग्नपत्रिका, पतपेढ्यांचे अहवाल, क्वचित् एखादा दिवाळी अंक, असें तें काम. ज्या मराठी आज्ञावलीवर आमचा संसार चालला ती हें कुलूप पाठीशीं असल्यावांचून उघडत नसे, आणि विंडोज ९८ चें घर सोडून पुढच्या कोणत्याहि घरांत नांदावयास ती तयार नव्हती. देवनागरीस युनिकोडमध्यें १९९१ सालींच स्थान मिळालें होतें; पण आमच्यासारख्यांच्या टेबलापर्यंत तें पोंचावयास बरींच वर्षें लागलीं. तोंपर्यंत ज्याची त्याची रीत निराळी. रोमन अक्षरांच्या जागीं कोठें काना, कोठें वेलांटी, कोठें अर्धा 'श' असे तुकडे बसवून मराठी मजकूर उभा करावयाचा. हाच मजकूर दुसऱ्या यंत्रावर उघडला कीं त्याची निव्वळ रोमन भरड होई. अर्थ म्हणून त्यांत औषधालाहि सांपडत नसे. मजकूर वाचावयाचा तर तें यंत्र हवें, ती आज्ञावली हवी, आणि तें कुलूप हवें.

आणि मजकूर असा होता कीं तो टाकून देणें आमच्यानें होण्यासारखें नव्हतें.

कोरेगांव तालुक्यांतील एक वृद्ध शिक्षक आमचे स्नेही होते. आम्ही त्यांस गुरुजी म्हणत असूं. नोकरीच्या काळांत ज्या ज्या गांवीं बदली झाली तेथील शेतकरी, सुतार, लोहार, कुंभार यांच्या तोंडचे शब्द त्यांनीं चिठ्ठ्यांवर टिपून ठेविले होते. गाडीच्या एका चाकाचे किती शब्द असावे! तुंबा, आरे, आंख, आणि बाहेरून चढवावयाची लोखंडी धांव. पुन्हां विहिरीवर मोट ओढतांना बैल ज्या उतारावरून येरझारा घालतात तीहि धांवच. 'एकाच शब्दाला दोन बैल जुंपलेत पहा,' असें म्हणून गुरुजी हंसत. मोटेची सोंड, जाड नाडा, बारीक सोंदूर, पाणी जेथें उलटतें तें थारोळें. मोटा गेल्या, इंजिनें आलीं, तीं जाऊन विजेचे पंप आले. पण चिठ्ठ्यांच्या पेटींत मोट तशीच चालू होती. २००३ ते २००५ या काळांत आम्हीं त्या सर्व चिठ्ठ्या जुळविल्या. तीन हजारांहून अधिक नोंदी झाल्या. छापावयास पैसा नव्हता, म्हणून पुस्तक निघालें नाहीं. पण काम पुरें झालें त्या दिवशीं आम्हीं मोठ्या दिमाखानें यंत्रावर हात ठेवून गुरुजींस सांगितलें, "आतां हें सारें यांत सुरक्षित आहे."

या वाक्याचें पुढें काय झालें तें ओघानें येईलच.

२००६ च्या पावसाळ्यांत यंत्राच्या हार्ड डिस्कमधून टिक् टिक् असा आवाज येऊं लागला. ती ४.३ जीबीची होती. जाणत्यांनीं सांगितलें कीं ही घरघर आहे, दुसरी घ्या. आम्ही दुकानीं गेलों तों तेथें लहान तबकडी शिल्लकच नव्हती. सगळ्यांत लहान म्हणून जी हातीं आली ती १६० जीबीची. आमच्या जुनीच्या सदतीस पट! जुनी परत दिल्यास शंभर रुपये सूट मिळत होती. आम्हीं मजकूर नव्या तबकडीवर उतरून घेतला, जुनी दुकानदारास दिली, आणि शंभर रुपये वांचविले. त्या शंभर रुपयांचा हिशेब अजून आमच्या डोक्यांत चालू आहे.

येथें थोडें शास्त्र सांगणें भाग आहे. जुन्या यंत्रांस मोठ्या तबकड्यांचा जो राग आहे तो जागेचा नव्हे, पत्त्याचा आहे. १९८३ सालीं आयबीएमच्या एक्सटी यंत्रांत हार्ड डिस्क आली ती १० मेगाबाइटांची. तेव्हां ज्यांनीं नोंदवह्यांचे रकाने आंखले त्यांस पुढें केवढा पसारा होणार आहे याची कल्पना असण्याचें कारण नव्हतें. तबकडीवरील जागेचा पत्ता पेठ, वाडा आणि खोली अशा तीन आंकड्यांनीं देत. यंत्राच्या मूळ सूचनावलीच्या, म्हणजे बायोसच्या, वहींत पेठेच्या रकान्यांत १०२४, वाड्याच्या रकान्यांत २५६ आणि खोलीच्या रकान्यांत ६३ येवढेच आंकडे मावत. तबकडीच्या स्वतःच्या वहींत पेठा ६५,५३६ पर्यंत, वाडे मात्र १६, आणि खोल्या २५५. दोन्ही वह्या आपापल्या परीनें ऐसपैसच होत्या. पण लग्नांत दोन्हीकडच्या अटी पाळावयाच्या ठरल्या म्हणजे जेवणाच्या पानांतून जसा एकेक पदार्थ कमी होत जातो, तसें येथें झालें. दर रकान्यांत जो आंकडा लहान तोच चालावयाचा: पेठा १०२४, वाडे १६, खोल्या ६३. दर खोलींत ५१२ बाइट धरले तर सारी वस्ती ५२,८४,८२,३०४ बाइटांची. म्हणजे १९९० नंतरच्या त्या पहिल्या वर्षांत याहून मोठी तबकडी कोणी आणली तर तिचा पुढचा भाग यंत्रास दिसतच नसे.

मग युक्त्या निघाल्या. पेठा कमी करून वाडे वाढवून सांगावयाचे, म्हणजे ८.४ जीबीपर्यंत मजल जाई. कांहीं लोक तबकडीच्या पहिल्या पट्टींत एक छोटी दुभाषी आज्ञावली बसवीत. ती यंत्रास एक सांगे आणि तबकडीस दुसरें. हा दुभाषी मधें असेपर्यंत सर्व ठीक चाले, परंतु त्यास चुकवून फ्लॉपीवरून यंत्र सुरू केलें कीं सारी तबकडी अनोळखी वाटूं लागे. विंडोज ९८ मधील विभाग पाडण्याच्या आज्ञेची मूळची गंमत तर याहून न्यारी. तिचें मोजणें ६४ जीबीस संपतें आणि पुन्हां शून्यापासून चालू होतें. ८० जीबीची तबकडी तिला साडेदहाचीच वाटते. हें आम्हीं तेव्हां ऐकलें होतें आणि हंसलों होतों. त्यांत आमच्याकरितां इषारा होता हें ध्यानांत आलें नाहीं.

असो. नवी तबकडी बसविली ती यंत्रास पाहवेचना. काळ्या पडद्यावर तबकडीचें नांव विचारण्याच्या ठिकाणीं येऊन तें थिजलें. बत्तीस-तेहतीस जीबीच्या पुढें गोंधळणाऱ्या बायोसांपैकीं तें एक होतें. दुकानांतील मुलगा अनुभवी. त्यानें तबकडीच्या पाठीवरील एक बारीक टोपी, जिला जंपर म्हणतात, ती एका जागेवरून काढून दुसऱ्या जागीं बसविली. त्याबरोबर तबकडी स्वतःला ३२ जीबीची म्हणवूं लागली आणि यंत्र निमूटपणें चालूं लागलें. "आतां हात लावूं नका," एवढें तो मुलगा बोलला. त्याचें वय विशीच्या आंतलें असेल. आम्ही आज जेव्हां जेव्हां त्या दुकानावरून जातों तेव्हां आमची मान आपोआप खालीं जाते.

कारण आम्हीं हात लावला. १६० चे पैसे मोजले आणि ३२ वापरावयाचे, हें आमच्या ब्राह्मणी काटकसरीस सहन होईना. बाराखणी वाडा घेऊन तीन खणांतच रहावें तसें तें वाटे. महिनाभर तळमळून आम्हीं पुतण्याकरवीं बायोसची सुधारलेली आवृत्ति फ्लॉपीवर आणविली, ती यंत्रांत चढविली, जंपर काढला. यंत्र थिजलें नाहीं. पडद्यावर आंकडा उमटला: १३७ जीबी.

१६० कां नाहीं, हा प्रश्न शहाण्या माणसास पडला असता. आम्हांस उत्तर आधींच ठाऊक होतें! विकणारा हजारानें मोजतो आणि यंत्र १०२४ नें मोजतें, त्यामुळें १६० ची तबकडी घरीं आल्यावर १४९ च भरते, हें आम्ही चार जणांस समजावून सांगत असूं. तेव्हां ही आणखी बाराची तूट त्याच जातीची, वाण्याच्या मापांत जाते तशी, असें आम्हीं मनाशीं ठरविलें. अर्धवट ज्ञानाचा हा गुण आहे कीं तें प्रश्न पडूं देत नाहीं. पुढें पुतण्याच्या नव्या यंत्रावर ती तबकडी नेऊन तिचे तीन सारखे विभाग पाडले. नव्या यंत्रास सारी जागा दिसत होती, त्यानें अखेरच्या कणापर्यंत वांटणी करून दिली. पहिल्या विभागांत जुन्या तबकडीवरील सर्व कांहीं, गुरुजींच्या शब्दांसह, दुसऱ्यांत किरकोळ, तिसरा विभाग मोकळा. अकरा महिने यंत्र बिनतक्रार चाललें. येणाऱ्या-जाणाऱ्यास आम्ही ती मोकळी वखार दाखवीत असूं.

२००७ च्या मे महिन्यांत पुतण्याच्या मुलाची मुंज झाली. अडीच तासांचें चित्रण झालें. ज्या जातीच्या कॅमेऱ्यानें तें केलें त्याचा एका तासाचा मजकूर १३ जीबी भरतो. पुतण्याच्या यंत्रांत एवढी जागा उरली नव्हती. आम्हीं मोठ्या उदारपणें म्हटलें, "आमच्याकडे ठेव." एका फाइलींत ४ जीबीहून अधिक मावत नाहीं, म्हणून तिचे तुकडे पाडले, तारेनें दोन यंत्रें जोडलीं, आणि रात्रीं निजावयास गेलों. सकाळीं पाहतों तों निळा पडदा. यंत्र बंद करून पुन्हां लावलें तेव्हां काळ्या पडद्यावर एकच ओळ आली: या तबकडीवर सुरू करण्याजोगें कांहीं नाहीं.

काय घडलें होतें तें आम्हांस फार उशीरां उमजलें. बायोसचे रकाने सुधारले तरी विंडोज ९८ चा तबकडीशीं बोलणारा जो कारकून आहे त्याच्या वहींत खोलीचा क्रमांक २८ द्विमान अंकांतच लिहितां येतो. अशा खोल्या २६,८४,३५,४५६. बाइटांत सांगावयाचें तर १३,७४३ कोटी ८९ लक्ष ५३ हजार ४७२. तोच तो पडद्यावरचा १३७ चा आंकडा. त्यापुढील खोलीस हा कारकून 'जागा नाहीं' म्हणत नाहीं. म्हणाला असता तर बरें होतें. वरचा अंक वहींत मावत नाहीं म्हणून तो सोडून देतो आणि उरलेला क्रमांक लिहितो. रहाटगाडग्यास जितकीं गाडगीं बांधलेलीं त्यांच्या पुढचें गाडगें मागाल तर पुन्हां पहिलेंच वर येतें, तसा हा प्रकार. तिसऱ्या विभागाच्या पोटांत ही सीमा होती. मुंजीचें चित्रण तेथवर सुखरूप आलें, आणि पुढचा मजकूर तबकडीच्या अगदीं आरंभीं जाऊन पडूं लागला. प्रथम विभागांची नोंद गेली, मग कोणती फाइल कोठें आहे तें सांगणाऱ्या याद्या, त्यांची नक्कल, मग विंडोज, आणि मग गुरुजी. २००२ सालीं एक्सपीच्या पहिल्या सुधारपुरवणींत ४८ अंकांची वही आली होती. विंडोज ९८ करितां ती कधींच निघाली नाहीं, आणि २००६ च्या जुलैंत त्याची देखभालहि बंद झाली होती. पण त्यास दोष देण्यांत अर्थ नाहीं. जुन्या माणसाच्या पाठीवर पेलणार नाहीं एवढी गोणी आम्हीं लादली, आणि तें न कुरकुरतां चाललें याचें कौतुक करीत बसलों.

पुण्याच्या एका दुरुस्तीवाल्यानें तबकडी तपासली. ज्यावर दुसरें कांहीं लिहिलें गेलें तें परत येत नाहीं, असें त्यानें सांगितलें. सीमेबाहेर पडलेल्या लोहार, चांभार आणि विणकर या प्रकरणांचे तुकडे मिळाले. विहीर, गाडी, शेत आणि कुंभार गेले. फ्लॉप्यांवर कांहीं नकला होत्या. साताऱ्याच्या पावसानें त्यांवर बुरशी चढविली होती.

मग आम्ही गुरुजींकडे गेलों. चिठ्ठ्यांची पेटी असेल ही एक आशा होती. त्यांचें वय तेव्हां चौऱ्यांशी. ओसरीवर बसून सुपारी कातरीत होते. आम्हीं चिठ्ठ्यांविषयीं विचारलें.

"त्या होय? त्या गेल्या थंडींत बंबांत घातल्या," ते म्हणाले. "तुम्हींच म्हणालांत ना, आतां यंत्रांत सुरक्षित आहे म्हणून. घरांत अडगळ नको."

आम्हांस बोलतां येईना. थोड्या वेळानें सर्व सांगितलें. अडकित्ता खालीं ठेवून ते बराच वेळ अंगणाकडे पाहत राहिले.

"मोट सगळीच गेली?"

"सगळी."

"मोटेचे शब्द मला ज्यानें दिले तो आतां नाहीं," ते म्हणाले. आणि आमची मुद्रा पाहून असेल, पुढें म्हणाले, "अहो, बंब मीं पेटवला, तुम्हीं नाहीं. उद्यां या. वही घेऊन या. यंत्र नको."

दोन हिवाळे आम्ही एस्. टी. नें जात होतों. गुरुजी सांगत आणि आम्ही वहींत उतरवीत असूं. कधीं एका सकाळीं चाळीस शब्द होत, कधीं एकाच शब्दापाशीं ते अडून बसत. शब्द आठवे, कोणत्या गांवचा तें आठवेना, आणि गांव ठाऊक नसलेला शब्द लिहूं द्यावयास ते तयार नसत. एकदां आम्हीं म्हटलें कीं राहूं द्या, तालुक्याचें नांव घालूं. "तालुका बोलत नाहीं, गांव बोलतें," असें म्हणून त्यांनीं ती ओळ आमच्याच हातानें खोडविली. २०११ च्या आरंभीं ते गेले. वहींत चोवीसशेंच्या आसपास नोंदी आहेत. बाकीच्या कोणत्या होत्या हें सांगणें आतां कोणाच्याहि हातीं नाहीं.

जुन्या यंत्रास पुढें आम्हीं ४ जीबीचें एक कॅमेऱ्याचें कॉम्पॅक्ट फ्लॅश पत्र बसविलें. तें एका साध्या जोडणीनें हार्ड डिस्कच्या जागीं बसतें, कारण दोघांची बोली एकच आहे. तें फिरत नाहीं, आवाज करीत नाहीं, आणि जुन्या यंत्राच्या कोणत्याहि वहींत सहज मावतें. घरघर आतां फक्त पंख्याची उरली आहे. वांचलेलीं प्रकरणें व नवी वही मिळून सर्व मजकूर आम्ही युनिकोडमध्यें नेत आहों. रूपांतर करणारी आज्ञावली ऱ्हस्व वेलांटी भलत्या अक्षरावर टांगते आणि रफार गिळते, म्हणून ओळ न् ओळ वाचावी लागते. नकला तीन ठिकाणीं ठेवल्या आहेत, आणि वहीचीं पानें छायाचित्रें घेऊन झाल्यावरहि कपाटांत आहेत. आमच्या घरीं आतां बंबहि नाहीं.

ती १६० ची तबकडी मात्र आम्हीं टाकली नव्हती. ज्याची मुंज झाली तो मुलगा आतां पुण्यास संगणकाचेंच काम करतो. गेल्या दिवाळींत आला असतां त्यानें ती मागून घेतली. चित्रणाच्या मूळ फिती पुतण्यानें त्याच वर्षीं पुन्हां वापरल्या होत्या, त्यामुळें त्याची मुंज कोणीं पाहिलेलीच नव्हती. आम्हीं त्यास रहाटगाडग्याची हकीकत सांगितली. तो क्षणभर विचार करून म्हणाला, "आजोबा, म्हणजे शेवटचा भाग गेलेला नाहींच. तो पहिल्या खोलींत आहे." तिसऱ्या विभागाच्या याद्या शाबूत होत्या. सीमेपुढील प्रत्येक खोलीच्या क्रमांकांतून त्यानें २६,८४,३५,४५६ वजा केले, आणि जो आंकडा आला त्या जागेवरचा मजकूर उचलून जोडीत गेला. रात्रीं अकराच्या सुमारास आम्हांस हांक मारली.

चित्रण संपत आलें आहे. पंगत उठते आहे. मांडवाच्या कडेला गुरुजी, पांढरी टोपी घालून, आचाऱ्याशीं कांहीं बोलत उभे आहेत. ते मुंजीस आले होते हें आम्ही विसरूनच गेलों होतों. दोन्ही हात पसरून ते हवेंत एक मोठें वर्तुळ काढतात, मग मधोमध बोट ठेवून कांहीं तरी सांगतात. आचारी मान डोलावतो. सनईवाल्यानें त्याच वेळीं सूर चढविला आहे. आम्हीं मुलास आवाज वाढवावयास सांगितला, पण सनईच वाढली. त्यानें तेवढा तुकडा चार वेळां मागें नेऊन लावला, आणि आम्ही गुरुजींच्या ओठांकडे पाहत बसलों.